पांढरीची साक्ष

महाराष्ट्रांतील कोणत्याहि खेड्यांत जमिनीचे दोन भाग पूर्वापार मानले जातात. जेथें पीक येतें ती काळी आणि जेथें माणसें नांदतात ती पांढरी. पाटील-कुळकर्ण्यांनीं व बारा बलुतेदारांनीं पिढ्यानुपिढ्या या दोन शब्दांवर गांवगाड्याचा सारा व्यवहार चालविला. काळीला काळी कां म्हणावें हें शेतकरी चटकन सांगेल. परंतु पांढरीला पांढरी कां म्हणावें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. चुलींची राख, पडक्या भिंतींची माती, गोठ्यांतील शेण, भुसा, हाडें, फुटलेल्या गाडग्यांची खापरें असें सर्व एकाच जागीं शेंकडों वर्षें सांचत गेलें म्हणजे तेथील मातीचा रंग फिका पडतो, ती भुसभुशीत होते आणि तिचें टेकाड हळूहळू उंच चढत जातें. गांव उठून गेला तरी टेकाड राहतें. पांढरी ही अशा रीतीनें माणसाच्या वस्तीनें घडविलेली जमीन आहे.

खानदेशाकडे व मालेगांवच्या परिसरांत या मातीचा उपयोग लोकांस फार पूर्वींपासून ठाऊक आहे. धाब्याच्या घरांवर पावसाळ्यापूर्वीं तिचा थर द्यावयाचा, गढीच्या भिंती तिच्या रचावयाच्या, आणि शेताचा कस वाढावा म्हणून गाड्याच्या गाड्या भरून ती शेतांत पसरावयाची, हा क्रम अनेक पिढ्या चालला. त्या गाड्यांतून मातीबरोबर आणखी काय वाहून जात आहे, याची जाणीव होण्यास मात्र विसाव्या शतकाचा मध्य यावा लागला. ती जाणीव पुण्याच्या एका संशोधनसंस्थेनें करून दिली. खेड्याची माती विद्येच्या मंदिरांत कशी गेली आणि तेथून ती काय होऊन परत आली, हा वृत्तान्त म्हणूनच गिरणाकांठच्या लोकांनीं ऐकण्यासारखा आहे.

मालेगांवांतून मोसम नदी वाहते व ती पुढें गिरणेस मिळते. गांवचा इतिहास सांगतांना भुईकोट किल्ल्यापासून आरंभ करण्याची वहिवाट आहे. नारोशंकर राजेबहादूर यांनीं १७४० सालीं हा किल्ला बांधावयास घेतला. १८१८ सालीं आंतील अरब शिबंदीनें इंग्रजी फौजेशीं निकराचा सामना दिला आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला. पुढें १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या मोमीन विणकरांनीं येथें माग मांडले आणि मालेगांवचें नांव वस्त्रासाठीं सर्वतोमुखीं झालें. हा इतिहास खरा आहे; परंतु तो जेमतेम पावणेतीनशें वर्षांचा आहे. गिरणेचें खोरें त्याहून पुष्कळ वृद्ध आहे.

विद्येची प्रतिष्ठाहि या खोऱ्यांत नवी नाहीं. चाळीसगांवजवळील पाटण येथें शके ११२८ मधील, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा, एक शिलालेख आहे. सिद्धान्तशिरोमणिकार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आपल्या आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून तेथें एक मठ स्थापिला, असें तो लेख सांगतो. स्थानिक निकुंभ राजांनीं त्या मठास देणगी दिली, आणि लेखाच्या अखेरीस जुन्या मराठींत त्या मठाला व्यवहारांतून काय मिळावें याची नोंद केली. राजा, व्यापारी व सामान्य रयत या सर्वांच्या अंशदानावर विद्यापीठ चालावें, ही कल्पना सातआठशें वर्षांपूर्वीं गिरणेच्या खोऱ्यांत दगडावर कोरली गेली. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत हा लेख उजेडांत आणिला.

आतां पुण्याकडे वळूं. ता. ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबागवाड्यांत एक संस्कृत पाठशाळा उघडली. पेशवाईंतील दक्षिणेच्या रकमेचा कांहीं भाग माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं तिच्याकडे वळविला होता. या पाठशाळेचेंच रूपांतर होत होत १८६४ सालीं तिला डेक्कन कॉलेज हें नांव मिळालें आणि १८६८ मध्यें तें येरवड्याच्या भव्य दगडी इमारतींत गेलें. लोकमान्य टिळक व आगरकर हे तेथील विद्यार्थी. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तेथील अध्यापक. एवढी परंपरा असूनहि १९३४ सालीं सरकारनें तें बंद केलें. माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहींत. संस्थेसाठीं पूर्वीं दिलेल्या देणगीच्या अटींवर बोट ठेवून त्यांनीं न्यायालयाचें दार ठोठावलें, आणि अखेर ता. १७ ऑगस्ट १९३९ रोजीं तेंच विद्यालय पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हां सुरू झालें. भाषाशास्त्रासाठीं डॉ. सुमित्र मंगेश कत्रे, समाजशास्त्रासाठीं डॉ. इरावती कर्वे आणि प्राचीन इतिहासासाठीं डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया अशीं माणसें तिला लाभलीं.

सांकळियांचा जन्म मुंबईंत १९०८ सालीं झाला. लंडन येथें शिकत असतां मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखालीं मेडन कॅसल येथील उत्खननांत त्यांनीं काम केलें होतें. त्या शिक्षणाचें सार थोडक्यांत असें, कीं जमीन खणतांना वस्तूपेक्षां थराकडे आधीं पाहावें. टेकाडांत सर्वांत खालचा थर सर्वांत जुना व वरचा सर्वांत नवा. कोणती वस्तु कोणत्या थरांत मिळाली याची नोंद झाली नाहीं तर सोन्याचें नाणेंहि मुकें राहतें. आणि ती नोंद झाली तर क्षुल्लक खापरीहि बोलूं लागते. खापरीचें महत्त्व आणखी एका कारणानें आहे. मडकें लौकर फुटतें, फुटल्यावर त्याचा कोणास उपयोग नसतो, आणि त्याची खापरी हजारों वर्षें कुजत नाहीं. घडणीची तऱ्हा मात्र पिढ्यांगणिक पालटते. यास्तव कुंभाराच्या चाकावरील काम हेंच इतिहासाचें पंचांग ठरतें. पुढें जळक्या लांकडांतील व धान्यांतील किरणोत्सर्गी कार्बन मोजून काळ ठरविण्याची रीत आली. सजीव वस्तु मरतांच हा कार्बन घटूं लागतो व सुमारें ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. या हिशेबामुळें खापरींच्या पंचांगाला वर्षांचे आंकडेहि मिळाले.

१९५० च्या पूर्वीं महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून, फार तर अशोकाच्या काळापासून सांगितला जाई. त्यामागें काय होतें, तर दंडकारण्य, असें उत्तर मिळे. नाशिकची ख्याति पुराणांत आहे, तेव्हां तेथील जमिनींत काय दडलें आहे हें पाहावें, या हेतूनें सांकळिया व डॉ. शांताराम भालचंद्र देव यांनीं १९५०-५१ मध्यें गोदाकांठची मातीची गढी खणावयास घेतली. त्याच हंगामांत संगमनेर तालुक्यांतील जोर्वे या प्रवराकांठच्या गांवींहि काम झालें. नाशिकला ऐतिहासिक काळाच्या खालीं गारगोटीचीं लहान लहान हत्यारें व रंगीत खापरें मिळालीं. जोर्व्यास तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी व एक बांगडी हातीं आली. आणि तिच्या बरोबरीनें तांबड्या अंगावर काळ्या रंगानें रेघा काढलेलीं, तोटीचीं व कंगोऱ्याचीं भांडीं मिळालीं. तीं इतकीं पक्कीं भाजलेलीं होतीं, कीं खापरी वाजविली असतां धातूसारखा नाद निघावा. लोखंड येण्यापूर्वीं तांबें व दगड एकाच वेळीं वापरणारे शेतकरी महाराष्ट्रांत नांदत होते, हें या खापरींनीं सिद्ध केलें. त्या संस्कृतीस पुढें जोर्वे या खेड्याचेंच नांव मिळालें. आज ख्रिस्तपूर्व १४०० ते ७०० हा तिचा काळ मानतात.

हीच वार्ता गिरणाकांठींहि लौकरच आली. मालेगांवावरून गेलेली गिरणा पुढें चाळीसगांव तालुक्यांत शिरते. तेथें तिच्या तीरावर बहाळ नांवाचें गांव आहे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे श्री. म. न. देशपांडे यांनीं १९५२-५३ मध्यें व पुन्हां १९५६-५७ मध्यें बहाळची पांढरी खणली. तेथेंहि तळाशीं ताम्रपाषाणयुगांतील वस्ती निघाली, आणि नदीच्या पैलतीरीं टेकवाडे येथें प्राचीन दफनें मिळालीं. पुढें डेक्कन कॉलेजचे श्री. वसंत शिंदे यांनीं तापीच्या मध्य खोऱ्यांतील अशा जुन्या वस्त्यांचा गांवोगांव हिंडून शोध घेतला. धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतील कावठें येथें याच संस्थेनें केलेल्या उत्खननांत जमिनींत खड्डे करून त्यांवर छप्पर घालणाऱ्या, जोर्व्याहूनहि प्राचीन अशा लोकांची वस्ती आढळली. मालेगांवच्या उत्तरेस व पूर्वेस असा हा इतिहास पसरलेला आहे. किल्ल्याचा चिरा बसण्यापूर्वीं तीन हजार वर्षें गिरणेचें पाणी माणसें भरीत होतीं.

विणकरांच्या गांवास यांतील एक गोष्ट विशेष आपुलकीची वाटेल. प्रवराकांठच्या नेवाशास १९५४ पासून सांकळियांनीं मोठें उत्खनन केलें. ताम्रपाषाणयुगीन थरांत एका बालकाच्या दफनांत गळ्याशीं तांब्याच्या मण्यांची माळ होती. सूत मातींत टिकत नाहीं. परंतु येथें तांब्याच्या क्षारांनीं मण्यांच्या भोकांतील दोऱ्याचा अंश राखून ठेवला होता. वस्त्रतंतूंचे तज्ज्ञ श्री. गुलाटी यांनीं तो सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला, तेव्हां त्यांत कापूस व रेशीम यांचे तंतु आढळले. कोण्या मातेनें तीन हजार वर्षांपूर्वीं आपल्या गेलेल्या लेंकराच्या गळ्यांत घातलेली ती माळ! तिच्यामुळें या देशीं सूत कांतण्याची कला किती जुनी आहे याचा दाखला मिळाला. मालेगांवांत मागाचा खडखडाट ऐकणाऱ्या मुलास हा दाखला शाळेंत मिळाला पाहिजे. कारण त्याच्या घरचा धंदा हा इतिहासाचा विषय आहे, हें त्यास त्यावांचून कळणार नाहीं.

शेतकऱ्यांस याहून अधिक विचार करावयास लावील अशी हकीकत इनामगांवची आहे. शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं असलेल्या या जागीं १९६८ पासून सुमारें पंधरा वर्षें, सांकळिया, श्री. म. के. ढवळीकर व श्री. झे. डी. अन्सारी यांच्या देखरेखीखालीं हंगामामागून हंगाम काम चाललें. शंभराहून अधिक घरें उघडी झालीं. पहिल्या काळांत घरें चौकोनी व प्रशस्त होतीं. जव हें मुख्य पीक होतें. पुराचें पाणी वळवून नेणारा पाट काढलेला होता. पांच खोल्यांचें एक मोठें घर होतें व त्याच्या शेजारीं धान्याचें कोठार होतें. लहान मूल गेलें तर दोन घटांचीं तोंडें एकमेकांस लावून त्यांत तें ठेवीत व घराच्या जमिनींतच पुरीत. मोठ्या माणसास पुरतांना त्याचीं पावलें तोडीत. गेलेल्यानें परत हिंडूं नये, अशी कांहीं समजूत त्यामागें असावी, असा विद्वानांचा तर्क आहे.

ख्रिस्तपूर्व १००० च्या पुढें मात्र हें चित्र पालटलें. चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोंपड्या आल्या, भांडीं ओबडधोबड झालीं, शेती आटली, मेंढपाळी व शिकार वाढली, आणि ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमारास गांव उजाड झाला. हवामान कोरडें होत गेलें व पाऊस हटला, असा याचा अर्थ उत्खननकारांनीं लाविला. अवर्षणाची झळ ज्या तालुक्यांस वरचेवर लागते, तेथील शेतकऱ्यास हा निष्कर्ष परका वाटणार नाहीं. पाण्याची तजवीज हीच गांवाच्या आयुष्याची दोरी, हें त्याचा आजा सांगत आला. पांढरीनें त्याला तीन हजार वर्षांचा पुरावा जोडला.

येथें एक प्रश्न उद्भवतो. हें ज्ञान कोणाचें? संशोधकांची विद्वत्ता व चिकाटी निर्विवाद आहे. सांकळियांस १९७४ सालीं पद्मभूषण हा किताब मिळाला तो योग्यच होता. परंतु प्रत्येक उत्खननाच्या आरंभीं कोणी तरी गांवकरी उभा असतो. टेकाड कोठें आहे, कोणत्या बांधावर खापरें वर येतात, कोणाच्या विहिरींत जुनी भिंत लागली, हें तो सांगतो. १९७४ सालींच श्रीरामपूर तालुक्यांतील दायमाबाद येथें एका भिल्ल शेतकऱ्यास झुडपाचें मूळ खणतांना चार धातूच्या मूर्ति सांपडल्या: दोन बैलांचा रथ व त्यांत उभा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचें मिळून वजन साठ किलोहून अधिक भरलें. त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद आहे. परंतु भारतांतील प्राचीन धातुशिल्पांत त्यांची गणना आहे, याविषयीं नाहीं. त्या वितळवून मोडींत गेल्या असत्या तर त्यांचें नांवहि उरलें नसतें.

मातीनें विद्यापीठास इतकें दिल्यावर विद्यापीठानेंहि गांवाकडे यावें, ही अपेक्षा रास्त आहे. ती अगदींच अपुरी राहिली असें नाहीं. १९४९ सालीं पुणें विद्यापीठ स्थापन झालें व डॉ. मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरु झाले. वर्गाबाहेरील जनांसाठीं विद्यापीठानें बहिःशाल शिक्षण मंडळ काढलें आणि जयकरांच्याच नांवानें गांवोगांव व्याख्यानमाला चालविली. डेक्कन कॉलेजच्या आवारांत पुरातत्त्वाचें व मराठ्यांच्या इतिहासाचें अशीं संग्रहालयें उभीं राहिलीं. ज्यास ग्रंथ वाचवत नाहीं त्यासहि तेथें खापरी दिसते. मालेगांवांतहि भाऊसाहेब हिरे यांनीं १९५२ सालीं महात्मा गांधी विद्यामंदिर ही संस्था काढली आणि १९५९ सालीं महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नांवाचें महाविद्यालय सुरू झालें. तोंवर उच्च शिक्षणासाठीं परगांवीं जावें लागणाऱ्या मुलांस गांवांतच दार उघडलें. १९९० पासून खालच्या खोऱ्यासाठीं जळगांवास वेगळें विद्यापीठ झालें. त्यामुळें मालेगांवची गिरणा पुण्याच्या विद्यापीठाच्या क्षेत्रांत व बहाळची गिरणा जळगांवच्या क्षेत्रांत येते. एका नदीस दोन विद्यापीठें लाभलीं, हें तिचें भाग्य. परंतु पांढरीची ओळख पटवून देणारा माणूस प्रत्येक गांवीं पोंचेल तेव्हांच त्या भाग्याचें सार्थक होईल.

कारण काळ थांबत नाहीं. पूर्वीं बैलगाडीनें जाणारी माती आतां यंत्रानें उचलली जाते. शंभर वर्षांत जेवढें टेकाड झिजत नव्हतें, तेवढें एका दिवसांत सपाट करणें शक्य झालें आहे. वीटभट्टीस माती हवी असते, शेतास सपाटी हवी असते, घरास जागा हवी असते. आणि या गरजा खोट्या नाहींत. ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्यास इतिहासाचा उपदेश करून भागत नाहीं. परंतु माहितीच नसल्यामुळें जें जातें, तें माहितीनें वांचूं शकतें. जमिनींत पुरलेलें द्रव्य सांपडल्यास तें जिल्हाधिकाऱ्यांस कळवावें, असें १८७८ चा निखातनिधीचा कायदा सांगतो. कायदा द्रव्यापुरता बोलतो. खापरीविषयीं बोलावयाचें काम शाळेचें व महाविद्यालयाचें आहे. कापल्या दरडींत राखेचा थर दिसला, रेघांचें खापर हातीं आलें, घटांत हाडें निघालीं, तर काम क्षणभर थांबवून जवळच्या महाविद्यालयास वर्दी द्यावी, एवढें जरी प्रत्येक गांवांतील चार माणसांस ठाऊक झालें तरी पुष्कळ होईल. महाविद्यालयांनींहि स्नेहसंमेलनाच्या दिवशीं नाटकाबरोबर आपल्याच तालुक्यांतील खापरें मांडावीं, तीं ज्या शेतांत मिळालीं त्या शेताच्या धन्यास मानानें बोलवावें, आणि विद्यार्थ्यानें त्याच्या बोलींत तीं समजावून सांगावीं.

पाटणच्या शिलालेखांतील मठास लोकांनीं आपल्या व्यवहारांतून अंश दिला. गिरणेच्या पांढरीनें आधुनिक विद्यापीठास आपल्या पोटांतील अंश दिला. घेतलेल्या ऋणाची फेड ज्ञानानेंच करावयाची असते. काळी पोट भरते आणि पांढरी ओळख देते. दोहोंचीहि राखण गांवानें केली, तरच गांव गांव म्हणून उरतो.